पूजेत बसलेला राउटर

आप्पांनी खिशातून व्हर्नियर काढला आणि राउटरचं प्लास्टिक मोजायला लागले.

खोटं नाही सांगत. आमचा हॉल, टीपॉयवर दोन उघडे खोके, बाजूला चहाचे कप, समोर चकोर नेटवर्कचा उत्तमदादा घाम पुसतोय, आणि माझे वडील राउटरच्या कडेला व्हर्नियर लावून एक डोळा मिटून आकडा बघतायत. तुम्हाला आमचं घर माहीत नाही म्हणून सांगते. कोल्हापुरात, उद्यमनगरात, खाली लेथचं वर्कशॉप आणि वर आम्ही. लोकांच्या वडिलांच्या खिशात पेन असतं, आमच्या आप्पांच्या खिशात शाफ्टची जाडी मोजायचं हत्यार असतं.

"पातळ आहे," आप्पा म्हणाले.

"आप्पा, राउटर आहे तो," उत्तमदादा म्हणाला. "त्यात पाणी भरायचं नाही."

उत्तमदादानं दोन डबे आणले होते. एक छोटा, साबणाच्या वडीचा भाऊ शोभेल असा, दोन बारकी शिंगं. तो सकाळीच लावून, आमच्या नावावर चढवून, चालू करून दाखवला होता. आणि दुसरा काळा, रुंद, चार शिंगांचा, उताणा पडलेल्या खेकड्यासारखा. दोन्ही मोडेम आणि राउटर एकातच. उत्तमदादा परत परत सांगत होता की आप्पा, लाइन तीच, स्पीड तोच, मोठा बंगलेवाल्यांसाठी असतो, तुमच्या तीन खोल्यांना छोटा रग्गड झाला. आता मला सांगा, ज्या माणसानं आयुष्यभर घाम गाळून तीन खोल्या बांधल्या त्याच्यासमोर हे बोलायचं असतं का?

आप्पांनी छोटा डबा तळहातावर घेऊन वर-खाली केला.

"याला वजनच नाही. वजन नसलेलं मशीन थरथरतं."

"हे थरथरत नाही, आप्पा. यात काही फिरतच नाही."

"फिरत नाही तर मग चालतं कसं?"

उत्तमदादानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "छोटा घ्या की. पुसायला सोपा." ते कुणी ऐकलंच नाही, म्हणजे ऐकू आलं सगळ्यांना, पण पंख्याचा आवाज ऐकू येतो तसं. आप्पांनी खेकडा उचलला, वजन बघितलं, आणि मान हलवली. झालं. छोटा उतरला, मोठा चढला. छोटा परत खोक्यात घालून उत्तमदादा म्हणाला, हा राहू दे इथं, गाडीवर जागा नाही, उद्या नेतो. पण तो त्यानं कधी नेलाच नाही. खोका आईनं फ्रीजवर ठेवून दिला.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, तर माझ्यासाठी. माझा डिप्लोमा झाला होता, कॉम्प्युटरवर मशीनची ड्रॉइंग काढायला शिकले होते, आणि पुण्याची एक कंपनी घरी बसून ड्रॉइंग काढायचं काम देत होती. अट एकच. घरी स्वतःची नेटची लाइन पाहिजे, मोबाइलचं नेट चालणार नाही, आणि मुलाखत त्याच लाइनवरून. आमच्याकडं मोबाइलचं नेट म्हणजे तसंही काय, चारी बाजूंनी पत्र्याची शेडं, गच्चीत टाकीवर चढलं तर एक मेसेज जायचा.

आप्पांनी लाइन घेऊ दिली, पण त्यांचीही अट. दसऱ्यापर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर दसऱ्याच्या मुहूर्तावर मी खाली वर्कशॉपच्या बिलांच्या टेबलावर बसायचं. ते टेबल ग्राइंडरच्या शेजारी आहे. त्याच्यावर आधी बसणारे टोपकर काका आता कानात यंत्र घालून फिरतात आणि तरी तुम्ही 'नमस्कार' म्हटलं की 'किती नग?' विचारतात. मी रात्री डोळे मिटले की मला ते टेबल दिसायचं.

तर राउटर बसला. आणि दुसऱ्याच दिवशी बंद पडला. बंद म्हणजे दिवे हिरवे, पण नेट शून्य. मी हॉलमध्ये गेले तर राउटरच दिसेना. भिंतीवर एक लोखंडी पेटी. पत्र्याची, वेल्डिंग केलेली, ग्रे रंग मारलेली, पुढं दार आणि दाराला कुलूप. आप्पांनी रातोरात राउटरला तिजोरी केली होती.

"चोरीला गेला म्हणजे?" आप्पा म्हणाले.

उत्तमदादा आला, पेटीसमोर उभा राहिला आणि पत्र्यावर टिचक्या मारायला लागला. मग त्यानं सांगितलं की आप्पा, काम एकदम सुबक आहे, पण लोखंडातून लहरी बाहेर येत नाहीत. आप्पांना ते पटेना. शेवटी पेटीचं दार काढलं, पेटी तशीच ठेवली, आणि आप्पा दोन दिवस उत्तमदादाशी बोलले नाहीत. पण नेट चालू झालं. आणि त्याच आठवड्यात कंपनीचा मेल आला. मुलाखत गुरुवारी सकाळी अकरा वाजता.

मी उड्या मारत घरभर सांगितलं, गुरुवार, गुरुवार. आईनं देवापुढं साखर ठेवली. आप्पांनी "बघू" म्हटलं, म्हणजे त्यांना आनंद झाला होता. आम्ही तिघांनी गुरुवार गुरुवार केलं, आणि तिघांपैकी एकानंही भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं नाही.

गुरुवारी खांडेनवमी होती.

तुमच्यापैकी कुणाला माहीत नसेल तर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते. आमच्याकडं तो दिवाळीपेक्षा मोठा सण. सगळी मशीनं धुऊन पुसून चकचकीत करायची, हळद-कुंकू, झेंडूचे हार, नारळ. पाने, ड्रिल, छिन्न्या, हातोडे सगळे ओळीनं मांडायचे. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हत्यारांची सुट्टी असते ती. आप्पांच्या डाव्या करंगळीला पुढचं पेर नाही. लग्नाच्या आधी एका खांडेनवमीला, अर्जंट काम आहे म्हणून, पूजेतलं मशीन त्यांनी चालू केलं होतं. तेव्हापासून उद्यमनगरात कुणी कितीही मोठं गिऱ्हाईक येऊ दे, त्या दिवशी आप्पांनी कधी स्विचला हात लावला नाही.

त्या सकाळी मला कळलं होतं की आज खांडेनवमी, कारण झेंडूचा वास आणि पुरणाचा वास एकदम येत होता. पण म्हटलं बरं झालं, खाली मशीनं बंद, आवाज नाही, देवच पावला. मी डोक्यावरून अंघोळ केली, इस्त्रीचा कुर्ता घातला, खाली घरातलाच पायजमा, कारण कॅमेऱ्यात काय दिसणार, आणि हॉलमध्ये आले.

पेटी रिकामी.

नुसती भिंतीतली नेटच्या वायरची खोबणी तेवढी शिल्लक. मी जिन्यावरून धावत खाली गेले. धूप पेटलेला, कामगार टोप्या घालून उभे, आणि ओळीत, ड्रिल आणि हँड ग्राइंडरच्या मध्ये, स्वच्छ लाल कापडावर माझा राउटर. पोटावर हळद-कुंकवाची पाच बोटं. चारही शिंगांना एकेक झेंडू. पुढ्यात विड्याचं पान, सुपारी आणि फोडलेला नारळ. शेजारी त्याची वायर, गुंडाळून, आप्पांच्या पद्धतीनं, एवढीशी घट्ट वळकटी करून वर बाइंडिंगच्या तारेची गाठ.

"आप्पा," मी म्हटलं, "हे काय केलं?"

आप्पा आरतीचं ताट घेऊन वळले. कपाळावर कुंकू, अंगात नवीन बंडी, चेहऱ्यावर नुसता आनंद.

"तुझं हत्यार आहे ते," ते म्हणाले. "घरातली पहिली खांडेनवमी त्याची. सगळ्यांच्या हत्यारांची पूजा करायची आणि माझ्या पोरीचं हत्यार तेवढं वगळायचं होय?"

"आप्पा, माझी मुलाखत आहे. आज."

"माहीत आहे की. म्हणून तर लॅपटॉपला हात लावला नाही."

मी तिथंच मशीनच्या पाटावर बसले. आणि मग सांगितलं की लॅपटॉप म्हणजे नुसता नळ आहे, पाणी यातून येतं. आप्पांचा चेहरा हळूहळू उतरला. कामगार एकमेकांकडं बघायला लागले. आप्पांनी राउटरकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग न कळत डाव्या हाताची मूठ मिटली.

"पूजा झाली, मने," ते हळू म्हणाले. "आता उद्या."

मी किती विनवण्या केल्या म्हणून सांगू. म्हटलं मीच उचलते, पाप मला. ते म्हणाले, तेच तर नको. म्हटलं याला पातं नाही, चाक नाही, उत्तमदादा म्हणाला होता ना की यात काही फिरत नाही. तर म्हणाले, शॉक तर लागतो? म्हणजे मी रागावू तरी कशी, तो माणूस हट्ट करत नव्हता, घाबरला होता. माझ्या बोटांकडं बघत होता.

मग उत्तमदादाला फोन लावला, गच्चीवर टाकीवर चढून. म्हटलं दादा, कुठलाही राउटर आण, जुना, फुटका, भाड्याचा. तो म्हणाला, मने, ऑफिसातला सगळा माल ओळीनं पूजेत बसलाय. खोकी, वायरी, शिडीसुद्धा. ऑफिसातल्या काकांनी शिडीला पाच हार घातलेत. उद्या सकाळी पहिला तुझ्याकडं येतो. मी म्हटलं उद्या सकाळी मी ग्राइंडरच्या शेजारी बसलेली असेन. तो म्हणाला, काय? ग्राइंडर बिघडला?

मी खाली आले आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडायला लागले. एवढं रडले की कुर्त्याची इस्त्री गेली. आई पुरण वाटत होती. सगळ्या कामगारांना त्या दिवशी आमच्याकडं जेवण असतं, त्यामुळं पातेली अशी की त्यात मी बसेन. ती अंधार असल्यापासून उभी होती. आप्पा माझ्या मागोमाग वर आलेले, दारात उभे, ताट अजून हातातच.

आईनं मिक्सर बंद केला. मला म्हणाली, "नाक पूस." मग पुरणाचे हात पदराला पुसले, स्टूल ओढलं, फ्रीजवरून खोका काढला, आणि ओट्यावर, डाळ आणि गुळाच्या मध्ये, ठेवला. छोटा डबा. बारकी दोन शिंगं.

"याची पूजा केली का कुणी?" तिनं आप्पांना विचारलं.

आप्पांनी मान हलवली. नाही.

"मग झालं की. ज्याची पूजा होत नाही, त्याला सुट्टी नसते." आणि परत मिक्सरचं भांडं उघडून बोटानं पुरण बघायला लागली. "लावा आता तो. माझं पुरण थांबलंय."

ती हे अजिबात टोचून बोलली नव्हती. म्हणजे गॅस संपलाय सांगावं तसं बोलली.  आप्पांनी ताट खाली ठेवलं आणि खोक्यातली वायर सोडवायला लागले.

पण वायर आखूड. भिंतीतल्या खोबणीपासून निघून ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत कशीबशी येते. हॉलमधल्या प्लगवर दिव्यांच्या माळा, आणि त्या माळा खाली पूजेपर्यंत गेलेल्या, त्या काढायच्या नाहीत. उरला मिक्सरचा प्लग. आईनं मिक्सर काढला आणि हातानं फिरवायचं पुरणयंत्र बाहेर काढलं. आता राउटरची वीज ओट्यावरून, वायर हॉलमधून, आणि दोघींच्या टोकाला डबा मधेच हवेत. खाली ठेवायला जागा नाही. स्टूल बुटकं, फ्रीज लांब.

"इकडं द्या," आप्पा म्हणाले. आणि दाराच्या चौकटीत उभे राहून दोन्ही हातांनी डबा डोक्यावर धरला.

मी परत टाकीवर. उत्तमदादाला म्हटलं, तुझा छोटा डबा सापडलाय, तो चालू कर. तो म्हणाला, अगं कॉम्प्युटर पूजेत आहे. मी म्हटलं, आणि आत्ता कशावरून बोलतोयस? मोबाइलची केलीस पूजा?  तो म्हणाला, मोबाइल कोण ठेवतंय गं पूजेत. आणि मोबाइलवरनंच खेकडा उतरवला आणि छोटा परत आमच्या नावावर चढवला. मी धावत खाली आले तर आप्पा तसेच उभे, मान वर करून डब्याच्या दिव्याकडं बघत. लाल होता. लाल. लाल. मग हिरवा झाला, आणि आप्पांच्या तोंडून आपोआप "मोरया" निघालं.

अकराला कॉल लागला. पलीकडं चाफेकर मॅडम, एकदम गोड, एकदम कडक. माझा चेहरा दिसतोय, आवाज येतोय, सगळं छान. त्यांनी एक ड्रॉइंग पाठवलं, म्हणाल्या यातल्या चुका दाखव. मी दाखवायला लागले. मागं पुरणयंत्राची कुरकुर चालू, मी आवाज चढवून बोलतेय, आणि मधेच मॅडम थांबल्या.

"तुझ्या मागं दारात कोण उभं आहे?"

मी वळले नाही. मला माहीत होतं काय दिसतंय. कपाळभर कुंकू, नवीन बंडी, दोन्ही हात वर, हातात डबा, गोवर्धन उचलल्यासारखे.

"वडील," मी म्हटलं.

"त्यांच्या हातात काय आहे?"

"नेट."

मॅडम कॅमेऱ्याच्या जवळ वाकल्या. मग त्यांनी विचारलं की रोज असंच धरणार का? आता खोटं बोलून उपयोग नव्हता, म्हणून मी सगळं सांगितलं. खांडेनवमी, खेकडा, फ्रीजवरचा डबा, आखूड वायर. एका दमात, आत्ता तुम्हाला सांगतेय तसं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि हा आवाज कसला?"

तेव्हा आईनं यंत्र थांबवलं. आप्पांनी डबा धरलेल्या हातांच्या खालून तिच्याकडं बघितलं. तिचा उजवा दंड असा सुजल्यासारखा लाल झालेला. मीही बघितला. आणि मी मॅडमना म्हटलं, "पुरण, मॅडम. मिक्सरचा प्लग मला दिला तिनं."

पुढची सगळी मुलाखत आप्पांनी डबा वर धरला. हात थरथरायला लागले तरी. वजन नसलेलं मशीन थरथरतं, हे त्यांचं म्हणणं त्या दिवशी खरं ठरलं.

नोकरी लागली. दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटताना फोन आला. आणि त्याच सकाळी खेकडा पूजेतून उठवला, वायर सोडवून जोडली, तर लाल दिवा. उत्तमदादा आला, वायर हातात घेतली आणि म्हणाला, आप्पा, यात काच असते हो, केसासारखी. एवढी घट्ट वळकटी केली की मोडणारच. म्हणजे आदल्या दिवशी मी भांडून उचलला असता तरी चाललाच नसता. आप्पा म्हणाले, "बघ. पूजेतलं उचलायचं नाही ते याच्यासाठी." मी वाद घातला नाही. छोटा तेव्हापासून आमच्याकडंच राहिला, आणि लोखंडी पेटीत आता आई किल्ल्या ठेवते.

तुम्हाला वाटेल झाली गोष्ट. थांबा.

पुढच्या वर्षीची खांडेनवमी. मी सुट्टी काढली होती. आप्पा खाली ओळ मांडत होते, ड्रिल, ग्राइंडर, पाने. स्कूटर धुऊन तिला हार घातलेला. धूप लावला आणि नारळ हातात घेतला, तेवढ्यात जिन्यावर भांड्यांचा आवाज. आई उतरत होती. मोठी परात दोन्ही हातांत, परातीत पोळपाट, लाटणं, तवा, पुरणयंत्र, मिक्सरचं भांडं, झारा, पळी, सांडशी, गॅसचा लायटर. सगळं घासून लखलखीत. ती ओळीच्या शेवटाला वाकली, लाल कापड सारखं केलं, एकेक वस्तू मांडली, प्रत्येकीला हळद-कुंकू लावलं, लाटण्याला झेंडू वाहिला. मग पदर सावरून उभी राहिली आणि आप्पांकडं बघितलं.

सगळ्या कामगारांचे चेहरे उतरले. कारण सगळे सकाळपासून पुरणपोळीसाठी पोट रिकामं ठेवून आले होते.

आप्पा ओळीच्या त्या टोकाला गेले. मग हातातला नारळ तिच्या तव्यासमोर फोडला.

जेवायची वेळ झाली तेव्हा आप्पांनी किटली घेतली आणि मिसळ आणायला निघाले. स्कूटरला हार घातलेला, म्हणून चालत. उन्हात, नवीन बंडीत, पार कोपऱ्यापर्यंत. परत आले तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या, किटलीतला कट सांडून बंडीवर. आई लेथच्या शेजारी खुर्चीत बसली होती, पाय समोरच्या स्टुलावर. मी आयुष्यात पहिल्यांदा तिचे तळपाय एवढा वेळ जमिनीवरून उचललेले बघितले.

"बस तू," आप्पा तिला म्हणाले. "मी वाढतो."

त्यांनी पत्रावळ्या मांडल्या, पाव ठेवले, फरसाण टाकलं. किटलीचं झाकण काढलं. मग इकडं बघितलं, तिकडं बघितलं, वर जाऊन आले, डबे उघडल्याचा आवाज आला, फळीवरून काहीतरी पडल्याचाही आला. परत खाली आले.

"अगं," आप्पा म्हणाले, "पळी कुठं असते?"

आईनं स्टुलावरचे पाय हलवले नाहीत.

"पूजेत," ती म्हणाली.